पिल्लांची हजेरी

४ मार्च, मंगळवार

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा एक कोरं हजेरीचं रजिस्टर घरी आणलं होतं. ढापलं म्हणा हवं तर. सहा वर्षं कपाटात पडून होतं, आज कामाला आलं.

कैदिणीनं अंडी घातली. कैदी हे नाव शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्यानं दिलेलं. जात सिक्लिड, पण अंगावर तुरुंगातल्या कपड्यांसारखे काळे पट्टे आहेत. मी नराला मुख्याध्यापक म्हणतो, कारण तो काही न करता टाकीभर रुबाबात फिरतो. मादीला बाई म्हणतो. कुंडी उपडी ठेवली होती, तिच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवली आहेत. रंग फिकट बदामी. बाई पंखांनी सारखा वारा घालते आहे आणि मुख्याध्यापक दारावर पहारा देतो आहे. मी बोट काचेला लावलं तर बोटावर धावून आला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. मोतीबिंदू काढल्यावर जग एवढं निळं दिसेल असं वाटलं नव्हतं. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली आणि शेवटची दहा वर्षं मी स्वतः पिवळ्या काचेतून बघत होतो! उजवा डोळा अजून तसाच आहे. तो उघडला की सगळं जुन्या फोटोसारखं, डावा उघडला की भिंतीसुद्धा निळसर. डॉक्टर म्हणाले, सवय होईल.

५ मार्च, बुधवार

दोन अंड्यांवर पांढरी बुरशी. मासेवाल्याला फोन केला. "निळं औषध घाला काका, दहा थेंब," म्हणाला. मिथिलीन ब्लू नावाची बाटली फळीवर होतीच. घातलं. सगळी टाकी शाईची दौत झाली. रंग इतका सुंदर की अर्धा तास नुसता बघत बसलो. ही म्हणाली, "नातीला झोपवा जरा, माशांना काही होत नाही."

रस्त्यावर पालिकेची मोठी जलवाहिनी बदलणं चालू झालंय. महिनाभर तरी नळाला पालिकेचं पाणी नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं मागच्या अंगणातली जुनी बोअर चालू केली. पेला उजेडात धरून म्हणाला, "बघा, काचेसारखं आहे." खरंच काचेसारखं होतं. माझ्या दृष्टीनं तर सोन्याहून पिवळं, कारण पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना बाधतं, ते यात नाही.

८ मार्च, शनिवार

फुटली! अंड्यांच्या जागी वळवळणाऱ्या शेपट्यांचा गोळा. बाईनं एकेकाला तोंडात धरून कुंडीतून उचललं आणि वाळूत केलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवलं. मला आधी वाटलं खातेय. लेकीला ओरडून बोलावलं. ती ठकूला खांद्यावर घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या वेळेला एवढे धावला होतात का?"

ठकू म्हणजे माझी नात, वय सात आठवडे. जावई नोकरीसाठी बाहेरगावी असतो, म्हणून मायलेकी आमच्याकडे आहेत. बाळंतपणात लेकीची प्रकृती बिघडली, औषधं कडक, त्यामुळे अंगावरचं दूध बंद करावं लागलं. ठकूचं सगळं बाटलीवर, आणि बाटलीचं खातं माझ्या बायकोकडे.

तिथे कुणाची ढवळाढवळ चालत नाही. पाणी वीस मिनिटं खळाखळा उकळायचं, पातेल्यातलं चौथा हिस्सा आटलं पाहिजे. मग ते थर्मासमध्ये, आणि त्यातच पावडर कालवायची. आमचा थोरला पाच महिन्यांचा असताना जुलाबांनी गेला. पाणी उकळलं नव्हतं. त्याला छत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून या घरात न उकळलेलं पाणी कुणाच्या ओठाला लागलेलं नाही. मी या विषयावर बोलत नाही, तीही बोलत नाही. पातेलं तेवढं रोज गॅसवर चढतं.

१२ मार्च, बुधवार

हजेरी: अंदाजे नव्वद. पिल्लं आज पोहायला लागली. खड्ड्यातून धुरासारखी उठली आणि आईबापांच्या मागून वर्ग सहलीला निघाल्यासारखी निघाली. एखादं भरकटलं की मुख्याध्यापक त्याला तोंडात घेतो आणि परत घोळक्यात थुंकतो. इतक्या वर्षांत मला हे जमलं नाही.

मिठाच्या पाण्यात बारीक कोळंबीची अंडी उबवून त्यातल्या अळ्या ड्रॉपरनं भरवतो, दिवसातून चार वेळा. पोट भरलं की त्यांची पोटं नारिंगी दिसतात.

टाकी निळीच होती, म्हणून निम्मं पाणी काढून बोअरचं घातलं. आता स्वच्छ.

तिसऱ्या मजल्यावरची नवी सून घाबरलेली असते. तिचं बाळ ठकूहून पंधरा दिवसांनी लहान, तेही बाटलीवर. हिनं वर जाऊन तिला पाणी उकळण्याचं सगळं शास्त्र शिकवलं. वीस मिनिटं, चौथा हिस्सा. घड्याळ लावून करून घेतलं म्हणे. मी म्हटलं, "परीक्षाही घेतलीस का?" तर म्हणाली, "घेतली. पास झाली."

१४ मार्च, शुक्रवार

हजेरी: सत्तरच्या आसपास. सकाळी वाळूवर वीसेक पांढरी पडलेली. बाकीची पृष्ठभागाशी तोंड उघडून.

मासेवाल्याकडून पाणी तपासायच्या पट्ट्या आणल्या. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि चौकोनाचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. हे काम माझ्याइतकं चोख कोण करणार! नायट्राईटचा चौकोन पांढरा असायला हवा, तो गुलबक्षी झाला. मासेवाला फोनवर रागावलाच. "काका, मी दहा थेंब बुरशीपुरते सांगितले. वेगळ्या भांड्यात घालायचे होते! निळ्या औषधानं फिल्टरमधले चांगले जंतू मेले असणार. आता रोज पाणी बदला."

म्हणजे दोष माझाच. रोज बदलणार.

१६ मार्च, रविवार

हजेरी: पन्नास. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलतोय आणि रोज गुलबक्षी. काल तर बदलल्यावर तासाभरात जास्त गेली. माझा हात जड पडत असेल. आता निम्मं बदलेन.

दुपारी ठकूला मांडीवर घेतलं होतं. खिडकीतून उजेड येत होता. ओठांचा रंग मला आवडला नाही. गुलाबीत कुणी चिमूटभर पाटीचा रंग कालवावा तसा. नखंही तशीच. हिला दाखवलं.

"तुम्हाला हल्ली भिंतीपण निळ्या दिसतात," ही म्हणाली. "तो नवा डोळा झाका आणि बघा."

झाकला. उजव्या डोळ्यानं ठकू छान दिसली, पिकल्या जर्दाळूसारखी. सगळे हसले. मीही हसलो. दोन डोळे दोन साक्षी देतात आणि न्यायाधीश मी एकटा.

१८ मार्च, मंगळवार

तिसऱ्या मजल्यावरचं बाळ गेलं.

सकाळी निपचित पडलं, रुग्णालयात नेईपर्यंत संपलं होतं. जन्मतःच हृदय अधू असावं असं म्हणतात. ही दिवसभर तिथेच होती. संध्याकाळी खाली आली आणि पातेलं गॅसवर चढवलं. आज वीसऐवजी तीस मिनिटं उकळलं.

हजेरी घेतली नाही.

२० मार्च, गुरुवार

हजेरी: एकतीस. बाई काळवंडली आहे. तरी पिल्लांभोवती फिरते. तिचे कल्ले शिलाई यंत्रासारखे चालतात.

ठकू फार शहाण्यासारखी वागते. रडत नाही, झोपते. बाटली अर्धी ठेवते आणि धाप लागल्यासारखं करते. लेक म्हणाली, "बाबा, मला ही फार शांत वाटते. मला नको इतकी शांत." बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. छाती तपासली, स्वच्छ. ओठ बघून तेही थबकले. "हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ," म्हणाले. सोमवारची वेळ मिळाली. तोवर काही वाढलं तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, असंही बजावलं.

म्हणजे रंग त्यांनाही दिसला. घरी आल्यावर हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "हृदयाचं नाव काढू नका." आणि बाटल्या दुसऱ्यांदा उकळायला घेतल्या.

२१ मार्च, शुक्रवार

आज मी एक मूर्खपणा केला.

उरलेल्या एकतीस पिल्लांसाठी शुद्धात शुद्ध पाणी हवं, असं डोक्यात बसलं. घरात सगळ्यांत शुद्ध पाणी कुठलं? ठकूचं. हिची नजर चुकवून थर्मासमधलं पाणी काढलं, पंख्याखाली गार केलं, दहा पिल्लं एका वाडग्यात वेगळी काढून त्यात सोडली. वाटलं, बाळाला चालतं ते यांना का चालू नये?

तासाभरात दहाही गेली. तळाला एका ओळीत.

मासेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, उकळलेल्या पाण्यात हवा राहत नाही, गुदमरली. बरोबरच आहे. शाळेत विज्ञानाचे सर हेच शिकवायचे. मला कसं आठवलं नाही? दहा जीव माझ्या अडाणीपणानं गेले. वाडगा घासून ठेवला, कुणाला बोललो नाही.

२२ मार्च, शनिवार

काय काय झालं ते क्रमानं लिहितो. रुग्णालयाच्या बाकावर बसलोय, दुपारचे चार वाजलेत.

सकाळी बाई मेली. मुख्याध्यापक तिच्या शेजारी थांबून होता, तिला तोंडानं ढकलत होता, भरकटलेल्या पिल्लाला ढकलतो तसा. तिला बाहेर काढलं. कल्ला बोटानं उचलला. माशाचा कल्ला लालभडक असतो. बाईचा कॉफीच्या रंगाचा होता. डावा डोळा झाकून पाहिला, तरी कॉफी. उजवा झाकला, तरी कॉफी.

तिला डब्यात घालून दुकानात नेलं. मासेवाल्यानं कल्ला बघितला आणि दुसरं गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे आला.

"हे नायट्राईटच. रक्तच तपकिरी होतं, काका. श्वास घेतात, पण घेतलेली हवा रक्ताला उचलता येत नाही. पण तुम्ही तर रोज पाणी बदलताय ना?"

"रोज. निम्मं."

"मग एव्हाना उतरायला हवं होतं. नळाचं पाणी तपासलंत का?"

मला रागच आला. "अरे, नळाचं पाणी आम्ही पितो! आमचं तान्हं बाळ पितं!"

"आधी घरी जा काका, नळाखाली पट्टी धरा," म्हणत त्यानं डबा माझ्या हातात कोंबला.

घरी आलो. बादलीत नळाचं पाणी घेतलं, पट्टी बुडवली. टाकीत जसा येतो तसाच गुलबक्षी. म्हणजे विष माझ्या फिल्टरमध्ये नव्हतंच. मी रोज बादलीनं ओतत होतो.

मग थर्मास उघडला. घाईत अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. पट्टी बुडवली. मिनिटभर थांबायचं असतं, इथे दहा सेकंदांत चौकोन राणी रंगाचा झाला. डबीवरचा शेवटचा चौकोन. त्याच्यापुढे छापलेलंच नाही.

आत गेलो. लेक ठकूला भरवत होती. मी डावा डोळा हातानं गच्च झाकला आणि जुन्या, पिवळ्या, सगळं गोड दाखवणाऱ्या उजव्या डोळ्यानं ठकूकडे पाहिलं. त्या डोळ्यालाही ती राखाडी दिसली.

बाटली मी लेकीच्या हातातून हिसकावली. तिला वाटलं मला वेड लागलं. खरं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी शुद्धीवर होतो.

रिक्षात ठकूनं डोळे उघडले नाहीत.

२३ मार्च, रविवार

कालचं उरलेलं लिहितो.

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ठकूचं रक्त काढलं. नळीत चॉकलेटसारखं आलं. मी म्हणालो, "माशाच्या कल्ल्याचा रंग हाच." त्यांनी वर पाहिलं. मी हे रजिस्टर पुढे केलं, पट्ट्यांची डबी दिली. त्या उभ्यानं वाचत गेल्या. चौदा तारीख, सोळा, वीस. मग नर्सला म्हणाल्या, "मिथिलीन ब्लू काढा. लगेच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते माझ्याकडे आहे. घरी, फळीवर. अंड्यांच्या बुरशीला."

"तेच," त्या म्हणाल्या. "पण तुमची बाटली राहू दे."

शाईसारखं औषध तिच्या तेवढ्याशा शिरेतून जाताना पाहिलं. लेक भिंतीला टेकून खाली बसली होती. ही उभी होती, हातात बाटल्यांची पिशवी, तशीच घट्ट धरलेली. वीस मिनिटं गेली असतील. आधी कानाची पाळी उजळली, मग ओठ. गुलाबी. या रंगाची मी पोरांकडून पन्नास नावं पाठ करून घेतली असतील, एकही आठवलं नाही. ठकू रडली. असलं बेसूर, असलं सुंदर रडणं मी ऐकलेलं नाही. मीही रडलो.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. बोअरमध्ये बहुधा मैल्याच्या टाकीचं पाणी झिरपतंय. मोठ्यांना ते कळतसुद्धा नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाला पुरेसं असतं. "पाणी उकळत होतात?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं," मी म्हणालो. "चौथा हिस्सा आटेपर्यंत. शेवटी शेवटी तीस."

"उकळून जंतू मरतात. हे नायट्राईट मरत नाही. पाणी आटतं आणि हे तेवढंच मागे राहतं, म्हणजे जास्त दाट होतं." मग म्हणाल्या, "इमारतीत आणखी कुणाचं लहान बाळ आहे का?"

मी म्हणालो, "होतं."

२६ मार्च, बुधवार

हजेरी: चार पिल्लं आणि मुख्याध्यापक. टाकीत विकतचं बाटलीबंद पाणी घातलंय. तो एकटाच चौघांना वळवतो.

ठकू काल घरी आली. भूक सपाटून लागते, आणि रात्रंदिवस घर डोक्यावर घेते. बोअर बंद केली, सेक्रेटरीनं जिन्यात सूचना लावली. त्यात 'तांत्रिक कारण' असं लिहिलंय. मी पेन घेऊन खाली गेलो आणि खरं कारण लिहून आलो.

हिला मी एवढंच सांगितलं होतं, की पाणी खराब होतं. उकळण्याचं सांगितलं नव्हतं. ती दोनदा म्हणाली, "बरं तरी मी उकळत होते." दोन्ही वेळा मी हो म्हणालो. छत्तीस वर्षं ती ज्या एका गोष्टीला धरून उभी आहे ती माझ्या हातानं काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. रजिस्टर माळ्यावर ठेवायचं ठरवलं होतं.

आज अकराच्या सुमाराला दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरची सून. हातात थर्मास, निळ्या झाकणाचा.

"काका, जिन्यातली सूचना वाचली," ती म्हणाली. "तुमच्याकडे पट्टी आहे म्हणे. हे त्या दिवशीचं पाणी आहे. मी ओतलं नाही. मला काही ओतताच आलं नाही."

ही पुढे झाली, तिचा हात धरून तिला आत आणलं, खुर्चीवर बसवलं. सून म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलंत तसंच होतं हं. वीस मिनिटं. एक दिवस चुकवला नाही मी."

"माहीत आहे गं," ही म्हणाली. "माझ्यापेक्षा नीट करायचीस."

डबीत दोन पट्ट्या उरल्या होत्या. मी म्हणालो, "आता तपासून काय उपयोग? बोअर बंद झालीच आहे."

"मला बघायचंय," सून म्हणाली.

मी एक पट्टी काढली आणि तिच्या थर्मासमध्ये बुडवली. राणी रंग. डबी उचलून ठेवायला गेलो, तर ही म्हणाली, "थांबा. टाकीशेजारच्या बादलीत अजून बोअरचं पाणी आहे ना, न उकळलेलं? दुसरी त्यात बुडवा."

"कशाला?"

"बुडवा."

बुडवली. गुलबक्षी. तिनं दोन्ही पट्ट्या माझ्या हातातून घेतल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तिघं बघत राहिलो. खरं तर रंगाची जाण नसलेल्या माणसालाही दिसावं एवढा फरक होता.

"हे उकळलेलं," ही म्हणाली. तिचं बोट गडद पट्टीवर होतं. "हे जास्त गडद का?"

सुनेनंही मान वर केली. आत ठकू रडायला लागली होती आणि लेक तिला थोपटत होती. मला म्हणता आलं असतं, की पट्टी जुनी आहे. म्हणता आलं असतं, की माझा डोळा अजून बसलेला नाही.

"अहो," ही म्हणाली, "सांगा."

मी सांगितलं.